दरड ‘अचानक’ कोसळत नाही

आपल्याकडे दरड नेहमी ‘अचानक’ कोसळते. बातमीत तसे छापून येते, पंचनाम्यात तसे लिहिले जाते आणि सभागृहातील निवेदनातही हा शब्द हमखास असतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकर समाजाची इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हाही हेच झाले. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. मदतीला निघालेल्यांना अंधारात, पावसात डोंगर चढून जावे लागले. यंत्रे वर नेता येईनात, म्हणून चिखल हातांनी उपसावा लागला. चौथ्या दिवशी शोध थांबवला, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जणांचा पत्ता लागला नव्हता. कारण सांगण्यात आले ते तीन दिवसांच्या अतिवृष्टीचे. त्याबरोबर आणखी एक गोष्ट शासनाकडूनच सांगण्यात आली. धोकादायक गावांच्या यादीत या वाडीचे नावच नव्हते.

पाऊस झाला नाही, असे कोणी म्हणणार नाही. पाणी मुरले, मातीचे वजन वाढले, तिची पकड सुटली, हे खरेच आहे. पण पाऊस फार तर ‘त्याच रात्री का’ एवढ्याचे उत्तर देतो. ‘तोच उतार का’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नाही. तो पाऊस माथेरानपासून राजमाचीपर्यंत सगळ्याच डोंगरांवर पडत होता. बाकीचे उतार उभे राहिले आणि एक खाली आला. याचा अर्थ असा की, त्या उताराचा काहीतरी इतिहास होता. हा इतिहास वाचायची सवय आपण लावून घेतलेली नाही आणि ‘अचानक’ हा शब्द त्या सवयीच्या अभावावर घातलेले पांघरूण आहे, असे माझे म्हणणे आहे.

दगडाला इतिहास असतो, हे प्रयोगशाळेत फार सोप्या रीतीने दाखवता येते. ड्रिलने काढलेला काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा, मनगटाएवढ्या जाडीचा गोल तुकडा घ्यायचा. दोन्ही टोके घासून सपाट करायची आणि यंत्राच्या जबड्यात उभा धरून दाबायचा. सह्याद्रीतला चांगला घट्ट बेसाल्ट एका चौरस सेंटिमीटरवर दीड-दोन हजार किलोचा भार सहज पेलतो आणि मग बंदुकीच्या बारासारखा आवाज करून फुटतो. या आकड्याला आपण दगडाची ताकद म्हणतो. पुस्तकात तो छापला जातो, निविदेत तो लिहिला जातो.

आता त्याच खडकाचा दुसरा तुकडा घ्यावा. त्याच्यावर ताकदीच्या तीन-चतुर्थांश भार द्यावा आणि काढून घ्यावा. पुन्हा द्यावा, पुन्हा काढावा. पहिल्या काही फेऱ्यांत दगड किंचित दबतो आणि भार काढल्यावर पूर्णपणे मूळ लांबीवर येत नाही. नंतर बराच काळ काहीच घडत नाहीसे वाटते. शेकडो, हजारो फेऱ्या होतात आणि मोजपट्टीवरचा आकडा जेमतेम सरकतो. मग एका टप्प्यावर तो भराभर सरकू लागतो. दगड बाजूंनी फुगतो आणि ज्या भाराला त्याने हजार वेळा दाद दिली नव्हती, त्याच भाराखाली फुटतो. नाना जातींच्या खडकांवर असे प्रयोग झाले आहेत. वारंवारच्या भाराखाली दगड आपल्या नेहमीच्या ताकदीच्या साठ ते ऐंशी टक्क्यांतच हार मानतो, असे साधारणपणे दिसते. दगड भिजलेला असेल तर आणखी लवकर. शेवटच्या फेरीत भार वाढलेला नसतो, आतला दगड बदललेला असतो.

धातूंच्या बाबतीत हे दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायच्या गाडीचा आस मोडून भीषण अपघात झाला आणि चांगले लोखंड नुसत्या फिरण्याने का मोडते, याचा शोध सुरू झाला. पुढे प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट व्होलर या अभियंत्याने गाड्यांच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले की, प्रश्न भार किती एवढाच नसून किती वेळा, हाही आहे. याला ‘धातूचा थकवा’ असे नाव पडले. दगडाचे दुखणे त्याहून जुने. तो जन्मतःच भेगांसह येतो. स्फटिकांच्या सांध्यात, लाव्हा थंड होताना पडलेल्या चिरांत, वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत असंख्य बारीक तडे असतात. अशा तड्याच्या टोकाशी ताण एकवटतो, हे ग्रिफिथने १९२० मध्ये काचेवरून गणिताने मांडले. भार आला की तडा केसभर पुढे जातो. भार गेला की तो मिटतो, पण दोन्ही कडा जशाच्या तशा जुळत नाहीत. मध्ये कण अडकतो, घासून चुरा होतो, पाणी शिरते. पुढचा भार येतो, तेव्हा तडा जिथे थांबला होता तिथून पुढे निघतो.

हे सारे आपल्याकडच्या वडारांना पुस्तकाशिवाय कळत होते. दगडावर घण मारण्याआधी हातोडीने टकटक करून आवाज घ्यायचा. ठणठणीत वाजला तर दगड अखंड, बद्द वाजला तर आत चीर. चीर असलेला दगड पाट्यालाही चालत नाही आणि तुळईलाही नाही. आजचे शास्त्रज्ञ दगडाला संवेदक चिकटवून त्याच्या आतले तडे वाढतानाचे आवाज ऐकतात, ते याचेच सुधारलेले रूप आहे. १९५० साली जर्मनीत कायझर या संशोधकाला धातूंमध्ये एक चमत्कारिक गोष्ट आढळली आणि ती नंतर खडकांतही दिसून आली. एकदा विशिष्ट भार सोसलेला दगड पुन्हा तेवढाच भार येईपर्यंत जवळजवळ गप्प राहतो. आधीची मर्यादा ओलांडली की पुन्हा कडकडू लागतो. म्हणजे पूर्वी आपण किती सोसले, हे त्याच्या लक्षात असते. मात्र फार थकलेला दगड जुनी मर्यादा येण्याआधीच बोलू लागतो. ती सूचना समजायची.

आता प्रयोगशाळेतून कर्जत-खालापूरच्या डोंगरांकडे येऊ. तिथे यंत्राचा जबडा नाही, पण भाराच्या फेऱ्या आहेत. सर्वांत मोठी फेरी वर्षाची. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर इथे एकावर एक रचलेले आहेत. घट्ट काळा पाषाण, त्यावर सच्छिद्र, पांढऱ्या खनिजांनी भरलेला मऊ थर, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा आणि पुन्हा पाषाण. हा तांबडा पट्टा भिजला की फुगतो, सुकला की भेगाळतो. त्याच्यावरचा कडा मात्र घट्ट असतो. त्यामुळे पाया दर पावसाळ्यात थोडा झिजतो आणि कडा दर पावसाळ्यात थोडा अधांतरी होतो. त्याच्या उभ्या सांध्यांत जूनमध्ये पाणी भरते, आतून ढकलते आणि दिवाळीपर्यंत उतरते. दर वर्षी एक मोठे आवर्तन आणि पावसाच्या प्रत्येक सरीगणिक लहान लहान आवर्तने. इर्शाळगडाच्या सुळक्याला आरपार पडलेले नेढे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही झीज कुठवर जाऊ शकते हे सांगायला नको.

दुसरी फेरी दिवसाची. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी काळा कातळ हात ठेववत नाही एवढा तापतो आणि पहाटे गार पडतो. एवढ्याने डोंगराला काय होणार, असे वाटेल. पण अमेरिकेतील योसेमिटीच्या दरीत भूशास्त्रज्ञांनी एका ग्रॅनाइटच्या कड्यावर साडेतीन वर्षे मोजमाप ठेवले आणि २०१६ मध्ये ते प्रसिद्ध केले. कड्यापासून सुटू पाहणारे दगडाचे पापुद्रे दुपारच्या उन्हात जवळजवळ सेंटिमीटरभर बाहेर येत आणि रात्री परत जात. मात्र पूर्णपणे परत जात नसत. काही दरडी लख्ख उन्हाच्या दिवशी, पाऊस वा भूकंप काहीही नसताना का कोसळतात, याचा त्यातून उलगडा झाला. ग्रॅनाइट वेगळा आणि बेसाल्ट वेगळा हे मान्य, पण तापणे-निवणे दोघांनाही सारखेच आहे.

स्थिर भाराखाली हाच पाषाण किती टिकतो, याचेही उदाहरण कर्जत तालुक्यातच आहे. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची बौद्ध लेणी दोन हजार वर्षांपूर्वी कोरली गेली. कान्हाचा शिष्य बलक याने हे घडवल्याची नोंद तिथल्या लेखात आहे. चैत्याचे छत डोक्यावरचा सारा डोंगर पेलून अजून उभे आहे. तिथे झीज झाली ती मुख्यतः पाणी जिथे वारंवार झिरपले आणि सुकले तिथे, खांबांची खालची अंगे तर पार खाऊन गेली. वजन तेच, खडक तोच. फरक पडला तो येण्याजाण्याने.

या तालुक्यांत आणखी एक संस्था अशी आहे की, जिने ही गोष्ट शब्दांत मांडली नसेल, पण आचरणात आणली. ती म्हणजे रेल्वे. बोरघाटाचा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात सुरुंग आणि पहारीने खोदला गेला, त्यात हजारो मजूर राबले आणि साथींनी कित्येक मेले. चढ ३७ फुटांना एक फूट. आजही बहुतेक गाड्या कर्जतला मागून बँकर इंजिने जोडल्याखेरीज वर जात नाहीत. या घाटातला एक मोठा दगडी पूल चारच वर्षांनी, १८६७ मध्ये कोसळला. तेव्हापासून रेल्वेने एक धडा घेतलेला दिसतो. हा डोंगर एकदा तपासून भागत नाही. पावसाळ्यापूर्वी हिल गँगची माणसे कड्यांवर चढून सुटू पाहणारे दगड हेरतात आणि पाडतात. पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त असते. तरीही दरडी येतातच. २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिलच्या परिसरात मार्गाची किती हानी झाली, हे मुंबई-पुणे प्रवास करणारे विसरलेले नसतील. पण तिथे ‘अचानक’ हा शब्द थोडा तरी लाजून वापरावा लागतो, कारण कोणीतरी पाहत होते आणि नोंदही ठेवत होते.

वाड्यांच्या नशिबी ही गस्त नाही. माळीण ३० जुलै २०१४ रोजी गेले, १५१ माणसे दगावली. मग पाहणी झाली, याद्या झाल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळिये गेले. पुन्हा पाहण्या, पुन्हा याद्या. दोन वर्षांनी इर्शाळवाडी. यादी करणारा अधिकारी एका दिवशी येतो, उताराचा कोन पाहतो, भेगा दिसतात का पाहतो आणि ‘धोकादायक’ किंवा ‘सुरक्षित’ असा शेरा मारतो. वर सांगितलेल्या प्रयोगातला तो मधला लांबलचक काळ आठवावा. दगड थकत असतो आणि मोजपट्टी जवळजवळ हलत नसते. अशा वेळी एकदाच पाहणाऱ्याला तो ठणठणीतच वाटणार. पाहणाऱ्याचा यात दोष नाही, एकदाच पाहण्याच्या पद्धतीचा आहे.

पाणी चढण्या-उतरण्याने खडकावर काय परिणाम होतो, याचा महाराष्ट्राइतका मोठा अनुभव जगात फार थोड्यांना असेल. कोयनेचा जलाशय १९६२ पासून भरू लागला आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतरही त्या भागात लहानमोठे धक्के चालूच राहिले आणि जलाशयाच्या वार्षिक भरण्या-उपसण्याशी त्यांचा संबंध आपल्याच शास्त्रज्ञांनी दाखवून दिला. तिथल्या खडकाचा अभ्यास करण्यासाठी कराडला प्रयोगशाळा उभी राहिली, तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतले गेले. खोलवरच्या प्रस्तरभंगाचा प्रश्न आणि कड्यावरच्या दरडीचा प्रश्न एक नव्हे. पण कोयनेला जे केले ते, म्हणजे दशकानुदशके सलग मोजत राहणे, दरडींच्या बाबतीत का केले नाही, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे, कारण कर्जत-खालापूरच्या डोंगरांवर निसर्गाच्या फेऱ्यांखेरीज माणसाच्या फेऱ्या झपाट्याने वाढल्या आहेत. द्रुतगती मार्गासाठी डोंगर उभे कापले गेले. आडोशी बोगद्याजवळ २०१५ च्या जुलैत दरड कोसळून माणसे दगावली, मग कड्यांना जाळ्या ठोकल्या गेल्या आणि २०२३ च्या जुलैत त्याच परिसरात पुन्हा दरड आली. जाळी सुटलेला दगड झेलते, दगडाचे सुटणे थांबवत नाही. खोपोली ते कुसगाव या नव्या दुव्यासाठी सुमारे नऊ किलोमीटरचा बोगदा खोदला गेला. पनवेल-कर्जत लोहमार्गासाठी वावर्ले येथे २,६२५ मीटरचा बोगदा झाला. शिवाय मुंबई आणि नवी मुंबईच्या इमारतींना खडी पुरवणाऱ्या खाणी आहेतच.

सुरुंगाच्या हादऱ्यांना नियम आहेत. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात घरांसाठी जमिनीच्या कंपनाची मर्यादा ठरवून दिली आहे. कंप सावकाश असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, जलद असेल तर त्याहून अधिक. मर्यादा चांगली आहे, पण ती एकेका स्फोटासाठी आहे. असे स्फोट किती झाले, याचा हिशेब तिच्यात नाही. अमेरिकेच्या खाण विभागाने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात एक लाकडी सांगाड्याचे घर यंत्राने हलवत ठेवले होते. पहिला तडा दिसला तो ५६,००० फेऱ्यांनंतर. दिवसाला दोन स्फोट या हिशेबाने ती २८ वर्षे झाली. खाणमालक हा आकडा दिलासा म्हणून सांगू शकेल आणि त्यात तथ्यही आहे. पण त्याच आकड्याचा दुसरा अर्थ असा की, फेऱ्या मोजाव्याच लागतात, कारण त्यांना अंत असतो. आणि तो प्रयोग नव्या घरावर झाला होता, सहा कोटी वर्षांच्या भेगाळलेल्या उतारावर नव्हे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सुरुंगांमुळे इर्शाळवाडी गेली, असे मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्यासमोर नाही आणि पुराव्याशिवाय बोट दाखवणे हे ‘अचानक’ म्हणण्याइतकेच सोयीचे असते. त्या रात्री खाली आले ते दगड, माती आणि चिखल यांचे मिश्रण होते, अखंड कडा नव्हे. पण ते मिश्रण तिथे साठले कुठून? वर कातळ वर्षानुवर्षे थकत, फुटत, गळत राहिला म्हणूनच ना! तेव्हा तक्रार एवढीच आहे की, त्या उताराचा हिशेब कोणाकडेच नव्हता. सांध्यांत पाणी किती चढत होते, भेगा किती रुंदावत होत्या, आसपास हादरे किती बसले, यांपैकी एकही आकडा असता तर दोष देणाऱ्यालाही आणि निर्दोष ठरणाऱ्यालाही काही आधार मिळाला असता.

आणि आता येऊ घातले आहेत ते उदंचन जलविद्युत प्रकल्प. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ सालचे, भिवपुरीचे १९२२ चे. घाटमाथ्यावरचे त्यांचे तलाव पावसाळ्यात भरतात आणि उन्हाळ्यापर्यंत उतरतात. म्हणजे शंभर वर्षांत साधारण शंभर मोठी आवर्तने. २०२३ मध्ये राज्य शासनाने भिवपुरी येथे १,००० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पासाठी टाटांशी, तर कर्जत येथे ३,००० मेगावॅटच्या प्रकल्पासाठी टोरंट कंपनीशी करार केले. उदंचन म्हणजे स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडायचे. हे रोजचे काम. दिवसाला एकच फेरी धरली तरी जुन्या तलावांनी शतकात पाहिलेली आवर्तने हा नवा तलाव साडेतीन महिन्यांत पाहील, आणि चाळीस वर्षांत ती साडेचौदा हजारांच्या घरात जातील. सूर्याची आणि वाऱ्याची वीज साठवायची तर असे प्रकल्प हवेत, हे मला मान्य आहे. बेसाल्टमध्ये ते सुरक्षितपणे बांधता येतात, हेही मान्य. पण ज्या खडकाची ताकद एकदा दाबून मोजली आहे, त्याच्यावर साडेचौदा हजार फेऱ्यांचा भार टाकताना जुना आकडा पुरणार नाही.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येईल. कोकणात शेकडो वाड्या डोंगरउतारावर आहेत, प्रत्येकीला यंत्रे कुठून पुरवणार? आक्षेप रास्त आहे, पण सुरुवातीला यंत्रे लागतातच असे नाही. भेगेच्या दोन्ही काठांवर खुंट्या ठोकून दर पंधरवड्याला टेपने अंतर मोजता येते. भिंतीच्या चिरेवर काचेची पट्टी चिकटवली की भिंत हललेली काच फुटून कळते. झऱ्याचे पाणी कधी गढूळ झाले, कोणती वाट खचली, कोणते झाड कलले, हे गुराख्याला सरकारी पथकाच्या आधी दिसते. वाडीतल्याच एका मुलाला वा मुलीला थोडे प्रशिक्षण आणि थोडे मानधन देऊन ही वही ठेवायला सांगितली, तर पाच वर्षांत आपल्याकडे जे जमेल ते आज राज्यात कुठेही नाही. ज्या वह्यांतले आकडे सरकू लागतील तिथे मग यंत्रे न्यावीत, तज्ज्ञ न्यावेत. रेल्वेची गस्त याहून वेगळी काय असते?

दुसरी मागणी त्यांच्याकडे, ज्यांना पैशाची सबब सांगता येणार नाही. खाण असो, बोगदा असो वा उदंचन प्रकल्प, त्यांनी प्रत्येक स्फोटाचा दिवस, वेळ आणि जवळच्या वस्तीत मोजलेला हादरा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. तलावाची रोजची पातळी आणि भोवतालच्या विवरांतील पाण्याची पातळी जाहीर करावी. या नोंदी कंपनी ठेवतेच, आपल्या कामासाठी तिला ठेवाव्याच लागतात. त्या कुलपातून बाहेर काढायला कागदाखेरीज काही खर्च येत नाही. परवानगी देताना ही अट घालणे शासनाच्या हातात आहे आणि परवानगी दिल्यावर ती घालणे किती कठीण जाते, हे सांगायला नको.

इर्शाळवाडीचे वाचलेले लोक आता खाली चौकजवळच्या नव्या घरांत राहतात. पुनर्वसन झाले, हे चांगलेच झाले. पण कर्जत-खालापूरच्या इतर उतारांवर तशाच वाड्या आजही आहेत. त्यांची नावे यादीत असतील किंवा नसतील. त्यांच्या डोक्यावरचा डोंगर कितव्या फेरीत आहे, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. पुढच्या पावसाळ्याआधी निदान मोजायला सुरुवात केली, तर त्यानंतरच्या पावसाळ्यात काहीतरी सांगता येईल.